लेखन-मार्गदर्शकांच्या शेऱ्यांनुसार शोधनिबंध सुधारताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : अभ्यासिका_कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात इतिहास विषय घेऊन एम.ए. करीत आहे. 'राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील विद्यार्थी वसतिगृहे' हा माझ्या शोधनिबंधाचा विषय असून त्याचा पहिला मसुदा लिहून झाला आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लेखन-मार्गदर्शक म्हणून एक मॅडम बसतात आणि विद्यार्थ्यांचे लेखन वाचून त्यावर शेरे देतात. त्या इतिहासाच्या नाहीत, भाषेच्या आहेत. माझा मसुदा त्यांनी फार मनापासून वाचला आहे, हे पानोपानी दिसते; परंतु तो हाती आल्यापासून या शेऱ्यांचे नेमके काय करावे, याबाबत मी गोंधळले आहे.

ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या, तुटलेली वाक्ये, तळटिपांतील विसंगती हे सारे मला समजते. अडचण वेगळ्या प्रकारच्या शेऱ्यांची आहे. पहिल्याच पानावर मी 'शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य अत्यंत मोलाचे व युगप्रवर्तक होते, हे प्रस्तुत निबंधातून सिद्ध होते' असे वाक्य लिहिले आहे. त्याच्या समासात मॅडमनी 'याबद्दल कोणाचे दुमत आहे?' एवढेच लिहिले आहे. पुढे १८७४ मधील जन्म, १८८४ मधील दत्तकविधान आणि १८९४ मधील राज्याभिषेक यांचा सविस्तर वृत्तान्त आहे. त्याच्या बाजूला 'हे येथे कशासाठी?' असा प्रश्न आहे. १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले, पण त्याचा लाभ प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला आणि म्हणून जातवार वसतिगृहांचा मार्ग स्वीकारण्यात आला, असे मी जेथे लिहिले आहे, तेथे 'हे कशावरून?' असे विचारले आहे.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक मात्र 'पार्श्वभूमी हवीच' असे म्हणतात, त्यामुळे ती पाने काढावीत की ठेवावीत, हे ठरत नाही. शिवाय मॅडमनी दोन-तीन ठिकाणी माझे वाक्य खोडून स्वतःचे वाक्य सुचवले आहे. ते जसेच्या तसे घेतले तर निबंध माझा राहील का, अशी शंका मनात येते. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी दहाच्या आत यावी म्हणून काही मैत्रिणी उताऱ्यांतील शब्द बदलत आहेत. तसे करणे योग्य आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त_इतिहासशिक्षक

तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण बहुतेक विद्यार्थी शेरे वाचून खट्टू होतात किंवा मुकाट्याने सगळे मान्य करून टाकतात, आणि तुम्ही त्यांचा विचार करीत आहात.

शेरे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने निकालात काढू नका. ज्या परिच्छेदातील वेलांट्या तुम्ही आज नीट कराल, तो परिच्छेदच उद्या वगळावा लागण्याची शक्यता आहे. त्यामुळे शुद्धलेखनाचे शेरे सध्या तसेच राहू द्या आणि ज्या एका शेऱ्यावर बाकीचे सारे अवलंबून आहेत, तो आधी हाती घ्या. माझ्या मते तो शेरा 'याबद्दल कोणाचे दुमत आहे?' हा आहे. महाराजांचे कार्य मोलाचे होते, हे कोल्हापुरात कोणाला सिद्ध करून द्यावे लागत नाही. ज्याला कोणीही हरकत घेणार नाही, ते विधान शोधनिबंधाचा आधारस्तंभ होऊ शकत नाही. त्याच्या समर्थनार्थ पुरावा गोळा करण्याची गरजच उरत नाही आणि मग पाने माहितीने भरत जातात. जन्म, दत्तकविधान आणि राज्याभिषेक तुमच्या मसुद्यात आले, त्याचे कारण हेच असावे. सिद्ध करायचे काय, हे ठरले नसल्यामुळे काय वगळावे, हेही ठरले नाही. म्हणजे मॅडमचे पहिले दोन शेरे मुळात एकाच उणिवेवर बोट ठेवतात.

आता निबंधाचे प्रतिपाद्य, म्हणजे त्यात सिद्ध करायचे मुख्य विधान, शोधायचे कोठे? आपल्या साधनांतच. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखणारा महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा तुम्ही वाचला असेलच. पण पन्नास टक्के जागांच्या वाक्यावर थांबू नका, तो अथपासून इतिपर्यंत वाचा. करवीर, म्हणजे कोल्हापूर, सरकारच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. त्याच्या आरंभीच एक कारणमीमांसा आहे. सर्व वर्गांतील प्रजेला शिक्षणाकडे वळवण्याचा प्रयत्न करूनही मागासलेल्या वर्गांत अपेक्षेइतके यश आले नाही, आणि उच्च शिक्षणाने मिळणारे लाभ पुरेशा व्यापक प्रमाणात वाटले गेले नाहीत हे त्याचे कारण होय, असा निष्कर्ष तेथे नोंदवलेला आहे. त्यानंतर, मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे, अशी व्याख्या येते, आणि नेमणुकांची तिमाही पत्रके प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावीत, असा हुकूमही येतो.

हा दस्तऐवज शिक्षण आणि नोकरी यांचा संबंध स्वतःच्या तोंडाने सांगतो. शिकून काही मिळणार नसेल, तर मुलगा शिकेल कशाला, हा त्यामागचा विचार. त्याला जोडून तुम्ही विचारू शकता की, जागा राखल्या, पण त्या भरण्याइतके शिकलेले उमेदवार यायचे कोठून? वरच्या शिक्षणाची सोय कोल्हापूर शहरात आणि मुले खेड्यापाड्यांत, अशा स्थितीत शहरात राहण्या-जेवण्याची व्यवस्था हा त्या हुकुमाच्या यशाचाच प्रश्न ठरतो. वसतिगृहे आणि जाहीरनामा ही दोन वेगवेगळी पुण्यकृत्ये म्हणून न मांडता एकाच धोरणाच्या दोन बाजू म्हणून त्यांच्याकडे पाहता येईल का, हा प्रश्न मला अभ्यासण्याजोगा वाटतो. यावर दुमत होऊ शकते, आणि म्हणूनच ते सिद्ध करण्यात अर्थ आहे.

पार्श्वभूमीविषयी सांगायचे तर, तुमचे प्राध्यापक आणि मॅडम यांच्यात मला विरोध दिसत नाही. पार्श्वभूमी हवीच, पण ती वसतिगृहांची हवी, महाराजांच्या चरित्राची नव्हे. १८९४ ते १९०१ या काळात दरबारातील नोकऱ्या कोणाकडे होत्या, राजाराम कॉलेजात कोण शिकत होते, एवढे एका पानात आले, तर दोघांचेही समाधान व्हावे. तरीही प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटून 'सर, पार्श्वभूमीतून वाचकाला नेमके काय कळायला हवे?' असे विचारा. 'मॅडमनी काढायला सांगितले' असे मात्र सांगू नका; एकाच्या शेऱ्याने दुसऱ्याचा शेरा खोडण्याचा प्रसंग विद्यार्थ्याने कधी आणू नये.

उत्तर : लेखनकक्ष

मी स्वतः दुसऱ्या शहरात हेच काम करते, म्हणून शेरा लिहिणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

आमचा शेरा म्हणजे निकाल नसतो. वाचता वाचता मी येथे अडखळले, एवढीच ती नोंद असते. वाचक कोठे अडखळला, हे तो खात्रीने सांगू शकतो. का अडखळला, याचा तो अंदाज करतो. आणि त्यावर उपाय काय, हे विषय जाणणाऱ्या लेखकानेच ठरवायचे असते. तुमच्या मॅडम इतिहासाच्या नाहीत, हे तुम्ही उणीव म्हणून लिहिले नसावे. पण कोणी तसे समजू नये म्हणून सांगते की, 'हे कशावरून?' असा प्रश्न विषयाबाहेरच्या वाचकालाच पडतो. १८९६ च्या वसतिगृहाची ती हकिकत इतिहासाच्या अभ्यासकाने इतक्या वेळा वाचलेली असते की, तिला आधार लागतो, हेच त्याच्या लक्षात येत नाही. त्या शेऱ्यावर कोठले तरी पुस्तक तळटिपेत टाकून मोकळे होऊ नका. तुम्ही जेथे वाचले, त्या लेखकाने आधार कोणता दिला आहे, ते पाहा. तो प्रवेशाच्या नोंदींचा किंवा अहवालाचा असेल, तर मूळ साधनापर्यंत जाण्याचा प्रयत्न करा. तो पुढच्या काळातील आठवणींचा असेल, तर 'अशी आठवण नोंदलेली आहे' असे लिहा. पुराव्याच्या वजनाइतकेच वाक्याचे वजन असावे.

मसुदा आतून तपासण्याची एक रीत मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. लिहून झालेल्या प्रत्येक परिच्छेदासमोर, तो काय सांगतो, ते एका ओळीत लिहा. 'जैन बोर्डिंगबद्दल' असे लिहू नका, कारण तो झाला विषय. 'जैन बोर्डिंग समाजाच्या पुढाकाराने उभे राहिले आणि दरबारने त्याला पाठबळ दिले' असे पूर्ण विधान लिहा. मग निबंध बाजूला ठेवून केवळ या ओळी एकापाठोपाठ एक वाचा. ज्या परिच्छेदाची ओळ लिहिताच आली नाही, त्यात सांगण्यासारखे काही नाही. ज्याच्या दोन ओळी झाल्या, त्याचे दोन परिच्छेद करावे लागतील. लागोपाठच्या दोन ओळींमध्ये 'म्हणून', 'परंतु' किंवा 'त्याआधी' यांपैकी काहीच बसत नसेल, तर क्रम चुकला आहे. हे काम निवांत बसून, शक्यतो छापील प्रतीवर करावे.

सुचवलेल्या वाक्याबद्दल. आम्ही वाक्य लिहून देतो, ते बहुधा रचनेचा नमुना म्हणून. त्यात काय बदलले, हे ओळखा, म्हणजे कर्ता पुढे आला का, दोन विधाने वेगळी झाली का, विशेषण गळले का, आणि मग तीच सुधारणा स्वतःच्या शब्दांत करा. शेवटी ऋणनिर्देशात त्यांच्या साहाय्याचा उल्लेख करा. एवढे केल्यावर निबंध तुमचाच राहतो.

टक्केवारीचा प्रश्न गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि त्यापुढे चाळीस, साठ व साठहून अधिक असे चढते टप्पे आहेत, हे खरे. पण स्रोताचा यथायोग्य निर्देश करून दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. त्यामुळे अवतरणाला घाबरण्याचे कारण नाही. शब्द बदलून दुसऱ्याचा विचार निर्देशाविना मांडला, तर सॉफ्टवेअरला तो सापडणार नाही, एवढेच. वाङ्मयचौर्य ते वाङ्मयचौर्यच. मैत्रिणींना हे जरूर सांगा. ज्या उताऱ्यातील शब्दच महत्त्वाचे आहेत, तो अवतरणचिन्हांत घ्या. बाकीचा पुस्तक मिटून स्वतःच्या समजुतीने लिहा आणि दोन्ही ठिकाणी स्रोत द्या.

अभ्यासिका_कोल्हापूर

सर आणि मॅडम, आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. जाहीरनामा मी पुन्हा सलग वाचला आणि प्रत्येक परिच्छेदाची ओळही लिहून काढली. चरित्राच्या भागातील एकाही ओळीला पुढच्या ओळीशी 'म्हणून'ने जोडता आले नाही, त्यामुळे तो भाग एका पानावर आणण्याचे ठरवले आहे. प्राध्यापक सरांनीही त्याला संमती दिली. मध्यवर्ती परिच्छेद नव्याने असा लिहिला आहे :

'१९०२ च्या जाहीरनाम्याने रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भरण्याचा आदेश दिला. या वर्गांत शिक्षणाचा अपेक्षित प्रसार झाला नाही, कारण उच्च शिक्षणाचे लाभ मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचत होते, अशी मीमांसाही त्यात आहे. नोकरीची शाश्वती हे शिक्षणाला दिलेले प्रोत्साहन होते, असा याचा अर्थ होतो. मात्र राखलेल्या जागांसाठी शिकलेले उमेदवार मिळावयाचे, तर खेड्यातील विद्यार्थ्याला शहरात राहून शिकणे शक्य व्हावयास हवे होते. त्यामुळे जाहीरनाम्यानंतर दरबारने निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे सुरू केली.'

हे मॅडमना दाखवण्यापूर्वी येथे कोणी तपासून दिल्यास मदत होईल.

उत्तर : वाचनमंदिर_सभासद

ताई, परिच्छेद पहिल्या वाक्यापेक्षा कितीतरी भक्कम झाला आहे. शेवटच्या वाक्यावर मात्र परीक्षक तुम्हाला नक्की थांबवतील. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग ही दोन्ही १९०१ ची आहेत, म्हणजे जाहीरनाम्याच्या आधीची. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे, लिंगायत १९०७ चे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. 'जाहीरनाम्यामुळे वसतिगृहे' असा कार्यकारणभाव पहिल्या दोघांना लागू होत नाही. याने तुमचे प्रतिपाद्य कोसळत नाही, उलट अधिक रेखीव होते. आधी वसतिगृहांचा प्रयोग, मग नोकऱ्यांचा हुकूम, आणि त्यानंतर आणखी समाजांकडे वसतिगृहांचा विस्तार, असा क्रम मांडून पाहा. दोन टप्प्यांच्या मध्ये जाहीरनामा उभा आहे. पहिल्या टप्प्यातील वसतिगृहांनी हुकुमाची गरज दाखवून दिली की दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे चालल्या होत्या, हे कागदपत्रांतच पाहावे लागेल, आणि तुमच्या निबंधाचा खरा कस तेथे लागेल.

'दरबारने सुरू केली' या शब्दांचाही फेरविचार करा. जैन बोर्डिंगशी अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या समाजातील शिक्षित पुढाऱ्याचे नाव निगडित आहे, तर मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते. पुढाकार कोठे समाजाचा, कोठे महाराजांचा. एकाच क्रियापदात सगळी वसतिगृहे बसवली की, हा फरक पुसला जातो, आणि आज दसरा चौकात उभे राहिले की, ज्यांच्या इमारती दिसतात, त्या संस्थांचा वेगवेगळा इतिहास वाचकापर्यंत पोहोचत नाही.

मिस क्लार्क वसतिगृहाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, असे मला मनापासून वाटते. जाहीरनाम्यातील 'मागासलेले वर्ग' ही व्याख्या फार विस्तृत होती; मराठा विद्यार्थी आणि अस्पृश्यतेचा जाच सोसणारा विद्यार्थी दोघेही तिच्यात येतात, पण शहरात राहायला जागा मिळवताना त्या दोघांची अडचण सारखी नव्हती. नोकरीसाठी उमेदवार तयार करणे, हा तुमचा धागा या वसतिगृहाला कितपत लागू पडतो, हे तपासा. तो पूर्ण लागू पडत नसेल, तर तसे स्पष्ट लिहा. विरुद्ध जाणारे उदाहरण निबंधात ठेवल्याने निबंध दुबळा होत नाही.

साधनांसाठी शिवाजी विद्यापीठाने खंडरूपाने प्रसिद्ध केलेली शाहूकालीन कागदपत्रे आधी पाहा. ती विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात मिळतील. त्यानंतर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात काय शोधायचे, याची यादी करूनच जा. मोडी वाचता येत नसेल, तर जाणकाराची मदत घ्या आणि लिप्यंतर कोणी केले, ते तळटिपेत नमूद करा. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरातही जुने ग्रंथ चाळण्यासारखे आहेत.

अवतरणांबाबत एक सूचना. त्या काळच्या छापील मराठीत 'केलें', 'होतें' असे अनुस्वार येतात. ते व्युत्पत्तिसिद्ध, म्हणजे उच्चारात नसूनही शब्दाच्या मुळामुळे दिले जाणारे, अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी वगळले, म्हणून तुमच्या स्वतःच्या वाक्यांत ते नकोत. पण अवतरणात मूळ लेखन जसे आहे, तसेच ठेवा. भाषेच्या मॅडमनी तेथे खूण केली असेल, तर हे मूळ लेखन असल्याचे त्यांना सांगा.

उत्तर : लेखनकक्ष

कालक्रमाची ही सूचना अत्यंत मोलाची आहे, आणि ती माझ्यासारख्या भाषेच्या वाचकाकडून कधीच मिळाली नसती. म्हणूनच मसुदा दोन प्रकारच्या वाचकांनी वाचावा, असा माझा आग्रह असतो.

पुढच्या भेटीला जाताना नवा मसुदा नुसताच पुढे ठेवू नका. सोबत अर्ध्या पानाची टीप न्या. कोणते शेरे स्वीकारले आणि त्यानुसार काय बदलले; कोणता शेरा स्वीकारला नाही आणि का; आणि आता कोणत्या दोन परिच्छेदांवर मत हवे आहे, एवढे तिच्यात असावे. जुन्या अवतरणांतील अनुस्वारांचा मुद्दा 'स्वीकारला नाही' या भागात सकारण लिहा. कोणतीही मार्गदर्शक त्याने दुखावणार नाही. अशी टीप हाती असली की, भेटीचा वेळ जुन्या दुरुस्त्या पडताळण्यात जात नाही आणि थेट प्रतिपाद्यावर बोलता येते. दोन टप्प्यांची मांडणी पक्की झाली की, शेवटचे वाक्य नव्याने लिहा, त्यानंतर प्रस्तावना लिहा, आणि शुद्धलेखनाचे शेरे अगदी शेवटी, एका बैठकीत पूर्ण करा.